सायकल आणि पारपत्र : युद्धकालीन सुटकेच्या चित्रमय सत्यकथा व शालेय वाचन

प्रास्ताविक

मराठीतील बालसाहित्याच्या चर्चेत परीकथा, बोधकथा, साहसकथा आणि चरित्रे यांचा विचार वेळोवेळी झालेला आहे. चित्रमय सत्यकथा हा प्रकार मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. घडलेली घटना, तिची कागदोपत्री साधने आणि चित्रकाराने कल्पनेने रेखाटलेली दृश्ये या तिन्हींचा संयोग या प्रकारात असतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या तावडीतून निसटलेल्या माणसांच्या कथा अशा स्वरूपात युरोप-अमेरिकेतील शाळांतून गेली काही दशके वाचल्या जात आहेत. नऊ ते बारा वर्षे वयाच्या मुलांना युद्धाची पहिली ओळख पुष्कळदा याच पुस्तकांतून होते. त्यामुळे ही पुस्तके युद्धाविषयी नेमके काय सांगतात, हा प्रश्न वाङ्मयीन आणि शैक्षणिक अशा दोन्ही अंगांनी महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील एका प्रातिनिधिक पुस्तकाचा मुख्यत्वे विचार केलेला आहे. लुईझ बोर्डन यांनी लिहिलेले आणि ॲलन ड्रमंड यांनी चित्रांकित केलेले 'द जर्नी दॅट सेव्ह्ड क्युरिअस जॉर्ज' हे पुस्तक २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याच्या जोडीला तुलनेसाठी आणखी दोन पुस्तके घेतली आहेत. सुटकेच्या कथेचे मोल सुटलेल्यांच्या धैर्यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ती कथा सुटकेच्या अटी किती प्रामाणिकपणे दाखवते यावरही असते, ही या विवेचनाची भूमिका आहे.

कथावस्तू

हान्स आउगुस्टो रे आणि मार्गरेट रे हे दोघेही हँबुर्ग शहरात जन्मलेले जर्मन ज्यू. हान्स यांचा जन्म १८९८ चा, मार्गरेट यांचा १९०६ चा. हान्स तरुणपणी ब्राझीलला गेले आणि ॲमेझॉन नदीच्या परिसरात न्हाणीची टबे व तत्सम सामान विकण्याचा व्यवसाय करू लागले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या मार्गरेट १९३५ साली रिओ द जानेरो येथे पोहोचल्या. त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला आणि त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व पत्करले. पुढे युरोपच्या प्रवासास निघालेले हे जोडपे पॅरिसमध्ये, माँमार्त्र भागातील एका हॉटेलात, थोड्या दिवसांसाठी म्हणून उतरले आणि जवळपास चार वर्षे तेथेच राहिले. मुलांसाठी चित्रांची पुस्तके तयार करणे हाच आता त्यांचा व्यवसाय झाला होता. फिफी नावाच्या खोडकर माकडाची कथा याच काळात आकाराला आली. पुढे अमेरिकेत हेच माकड 'क्युरिअस जॉर्ज' या नावाने प्रसिद्धीस आले.

जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीशी येऊन ठेपले. रेल्वेगाड्या मिळेनात. रे दांपत्याकडे मोटार नव्हती. सायकली विकल्या जाऊन संपल्या होत्या. हान्स यांनी सुटे भाग मिळवून स्वतःच दोन सायकली जोडल्या. १२ जूनच्या पहाटे थंडीचे कोट, थोडे खाद्यपदार्थ आणि पुस्तकांची हस्तलिखिते टोपलीत घालून दोघे निघाले. दोनच दिवसांनी, १४ जून रोजी, जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. लाखो निर्वासितांनी भरलेल्या रस्त्यावरून सायकलींचा प्रवास, एक रात्र शेतघरात, एक रात्र गुरांच्या गोठ्यात, ओर्लेआँहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे, बायोन येथे पोर्तुगालचा व्हिसा, स्पेन ओलांडून लिस्बन, तेथून जहाजाने रिओ आणि अखेर ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्क असा हा प्रवास झाला. १९४१ साली 'क्युरिअस जॉर्ज' प्रसिद्ध झाले.

बोर्डन यांनी हा प्रवास शोधून काढण्यासाठी रे यांची जपून ठेवलेली कागदपत्रे, रोजनिशी व पत्रे धुंडाळली आणि प्रवासातील गावे प्रत्यक्ष पाहिली. त्यांचे गद्य छोट्या, मोकळ्या ओळींत मांडलेले आहे. ठिकाण, तारीख, वस्तू असा त्याचा क्रम असतो आणि भावनेचा उच्चार कमीत कमी असतो. हा संयम हे पुस्तकाचे पहिले बलस्थान होय.

सुटका आणि पलायन

मराठी मुलासमोर ही कथा येते तेव्हा ती कोऱ्या पाटीवर उमटत नाही. सुटकेची एक थोर कथा त्याच्या मनात आधीच घर करून असते. १६६६ सालची शिवाजी महाराजांची आग्र्याहून झालेली सुटका पाठ्यपुस्तकांतून, पोवाड्यांतून आणि किल्ल्यांवरच्या गप्पांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. तिच्यातील पेटाऱ्यांची युक्ती आणि पहारेकऱ्यांची फजिती त्याला तोंडपाठ असते. त्या कथेतून त्याने घेतलेला संस्कार असा, की बुद्धी आणि धैर्य असेल तर माणूस सुटतो.

भाषेनेही हाच भेद पक्का केला आहे. 'सुटका' या शब्दात विजयाचा सूर आहे, तर 'पलायन' या शब्दाला पळपुटेपणाचा वास येतो. 'निर्वासित' म्हटले, की १९४७ नंतर कल्याणच्या छावणीत आलेले सिंधी कुटुंब डोळ्यांसमोर उभे राहते. रे दांपत्याने केले ते यांपैकी काय? त्यांनी शत्रूला फसवले नाही, कोणाशी झुंज दिली नाही. ते भर रस्त्यावरून लाखोंच्या गर्दीत मिसळून गेले. म्हणून इंग्रजी शब्दाला 'सुटका' हा प्रतिशब्द योजताच कथेचा रोख किंचित बदलतो. आग्र्याच्या कथेचा साचा पॅरिसच्या कथेवर चढतो आणि हान्स यांनी जोडलेल्या सायकली पेटाऱ्यांची जागा घेतात. मूल मनाशी निष्कर्ष काढते, की सायकल जोडण्याची हुशारी होती म्हणून हे दोघे वाचले.

हा निष्कर्ष खोटा नाही, परंतु अपुरा आहे. सायकलीने त्यांना पॅरिसबाहेर आणले. फ्रान्सबाहेर मात्र त्यांना पारपत्राने काढले. जर्मनीत जन्मलेल्या या दोघांच्या हाती ब्राझील या तटस्थ देशाची पारपत्रे होती. पाच वर्षांपूर्वी, युद्धाची चाहूल नसताना, त्यांनी घेतलेल्या नागरिकत्वाचे ते फळ होते. त्यात १९४० सालच्या हुशारीचा काहीच भाग नव्हता. ज्या सरहद्दीवर माणसाच्या धैर्याला कोणी विचारत नाही, तेथे कागदाला विचारले जाते. विसाव्या शतकातील सुटका सतराव्या शतकातील सुटकेहून निराळी आहे ती येथे.

चित्रे आणि कागदपत्रे

पुस्तकाचा चित्रविभाग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ड्रमंड यांची रेषा हलकी, चपळ आणि काहीशी मिस्कील आहे. जलरंगांचा वापर प्रसन्न आहे. गर्दीने भरलेल्या रस्त्याच्या चित्रातही त्यांची रेषा आपला खेळकरपणा पूर्णतः सोडत नाही. रे यांच्या स्वतःच्या शैलीशी जवळीक साधणारी ही योजना बालवाचकाला भयभीत न करता शेवटपर्यंत सोबत नेते. परंतु तिची किंमतही आहे. सायकलीवरचे जोडपे पुढे पुढे एखाद्या सहलीला निघाल्यासारखे दिसू लागण्याचा धोका या शैलीत दडलेला आहे.

या धोक्याला पुस्तकातच एक उतारा आहे. चित्रांच्या शेजारी छायाचित्रे, रोजनिशीची पाने आणि अधिकृत कागदपत्रे यांच्या प्रतिमा छापलेल्या आहेत. चित्र हे कल्पनेचे असते, कागद हा पुराव्याचा असतो, आणि दोन्ही एकाच पानावर आल्याने मुलाला नकळत दोन प्रकारच्या सत्यांची ओळख होते. सामान्यतः वर्गात चित्र मोठ्याने दाखवले जाते आणि कागदाचे चित्र भरभर उलटले जाते. वास्तविक कथेचा कणा त्या शिक्क्यांच्या कागदातच आहे.

पुस्तकाच्या शीर्षकाविषयीही एक आक्षेप नोंदवावा लागतो. या प्रवासाने क्युरिअस जॉर्जला वाचवले, असे शीर्षक म्हणते. ज्याला मुले ओळखतात त्याच्या नावाने कथेत प्रवेश मिळवून देण्याची ही युक्ती प्रकाशनाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामुळे वाचवण्यायोग्य काय होते याचे उत्तर आधीच ठरून जाते. टोपलीतील हस्तलिखित वाचले याचा आनंद होतो आणि टोपली वाहणारे दोघे मरणाच्या दारातून गेले ही जाणीव मागे पडते. त्याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. पुढे प्रसिद्ध झालेले माकड सोबत होते म्हणून हा प्रवास सांगण्यासारखा ठरला. ज्यांच्या टोपलीत केवळ कपडे आणि पाव होते, अशा लाखोंचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता काय? हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. तो शिक्षकाने विचारावा लागतो.

मागे राहिलेले शहर

कथा लिस्बनला पोहोचते तेव्हा वाचकाचे लक्ष पॅरिसवरून उडते. हे स्वाभाविक आहे, कारण कथा निघालेल्यांची आहे. परंतु १६ व १७ जुलै १९४२ रोजी त्याच पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना अटक केली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. त्यांतील बहुतेकांना पुढे ऑश्वित्झला पाठवण्यात आले. या मुलांच्या आईबापांपैकी पुष्कळजण पोलंड वा अन्य देशांतून आलेले होते आणि त्यांच्या हाती तटस्थ देशाचे पारपत्र नव्हते.

सरहद्दीवरचे एक उदाहरणही येथे उद्बोधक आहे. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन हे सप्टेंबर १९४० मध्ये पिरेनीज पर्वत पायी ओलांडून पोर्टबू या स्पॅनिश गावी पोहोचले. त्यांच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता, पण फ्रान्स सोडण्याचा परवाना नव्हता. परत पाठवले जाण्याच्या भीतीने त्यांनी तेथेच जीवन संपवले. रे दांपत्य आणि बेन्यामिन यांच्या प्रवासांत अंतर अवघ्या तीन महिन्यांचे आणि एका कागदाचे होते. हे उदाहरण लहान मुलांना सांगावे असे नाही. परंतु शिकवणाऱ्याला ते ठाऊक असले, तर त्याच्या तोंडून 'हिंमत असली की मार्ग निघतो' हे वाक्य सहजासहजी निघणार नाही. ज्यांना मार्ग मिळाला नाही त्यांच्यापाशी हिंमत कमी होती, असा त्या वाक्याचा अर्थ होतो आणि तो अन्यायकारक आहे.

कागद देणारा हात

पारपत्र आणि व्हिसा हेच कथेचे केंद्र करणारे एक पुस्तक याआधीच उपलब्ध होते. केन मोचिझुकी यांनी लिहिलेले आणि डॉम ली यांनी चित्रित केलेले 'पॅसेज टू फ्रीडम' हे पुस्तक १९९७ सालचे. लिथुआनियातील काउनास येथील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी १९४० च्या उन्हाळ्यात, टोकियोहून नकार आलेला असतानाही, पोलंडमधून आलेल्या ज्यू निर्वासितांना आपल्या हाताने व्हिसा लिहून दिले. त्यांच्या यादीत दोन हजारांहून अधिक नावे आहेत. ही कथा सुगिहारांच्या पाच वर्षांच्या मुलाच्या, हिरोकीच्या, तोंडून सांगितलेली आहे.

येथे निवेदक बदलल्याने नैतिक प्रश्नही बदलतो. फाटकाबाहेर उभी असलेली माणसे मुलगा खिडकीतून पाहतो. तो स्वतः सुरक्षित आहे, आणि दार उघडावे की नाही हा निर्णय त्याच्या घरात व्हायचा आहे. बोर्डन यांच्या पुस्तकात बालवाचक प्रवाशासोबत चालतो, तर येथे तो दारामागे उभा राहतो. डॉम ली यांची मेणाच्या थरावर कोरलेली तपकिरी चित्रे जुन्या छायाचित्रांचा भास निर्माण करतात. त्यांत ड्रमंड यांचा खेळकरपणा नाही आणि तो नसणे येथे उचितही आहे.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचली असता एक गोष्ट स्पष्ट होते. रे यांच्या प्रवासातही असा एक हात होता. बोर्दो येथील पोर्तुगालचे वाणिज्यदूत आरिश्टिडिश द सोझा मेंडिश यांनी जून १९४० मध्ये आपल्या सरकारचा आदेश मोडून हजारो लोकांना व्हिसा मिळवून दिले. बायोनचे कार्यालयही त्यांच्या अधिकारकक्षेत येत होते. या कृत्याबद्दल सालाझार यांच्या राजवटीने त्यांना शिक्षा केली आणि त्यांचे उर्वरित आयुष्य विपन्नावस्थेत गेले. सुगिहारा यांनाही १९४७ मध्ये परराष्ट्र सेवेतून बाहेर पडावे लागले. सुटलेल्याच्या धैर्यामागे अनेकदा असे न सुटलेल्या माणसाचे धैर्य उभे असते.

सत्य आणि आख्यायिका

सत्यकथेच्या नावाखाली आख्यायिका वाचली जाण्याचा धोकाही लक्षात घ्यावयास हवा. कार्मेन आग्रा डीडी यांचे 'द यलो स्टार' हे २००० सालचे पुस्तक डेन्मार्कचे राजे दहावे क्रिस्टियान यांनी ज्यूंच्या समर्थनार्थ स्वतःच्या छातीवर पिवळा तारा लावला, ही कथा सांगते. कथा अतिशय हृद्य आहे, परंतु ती घडलेली नाही. डेन्मार्कमधील ज्यूंवर तारा लावण्याची सक्ती कधी झालीच नव्हती. लेखिकेने शीर्षकातच ही आख्यायिका असल्याचे सांगितले आहे आणि टिपणीत तसा खुलासाही केला आहे. मात्र वर्गात गोष्ट सांगितली जाते आणि टिपणी वगळली जाते.

वास्तविक डेन्मार्कची खरी घटना आख्यायिकेहून कमी थोर नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये कोळी, डॉक्टर, विद्यार्थी, धर्मोपदेशक अशा असंख्य सामान्य डॅनिश लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोहोचवले. आख्यायिका हे श्रेय एका राजाच्या एका कृतीला देते, इतिहास ते अनेकांच्या श्रमाला देतो. शिवाय स्वीडनने दार उघडले नसते, तर त्या होड्यांना किनारा नव्हता. सुटकेच्या अटी लपवणारी कथा कितीही उदात्त असली, तरी ती मुलाला घटनेपासून दूर नेते.

वर्गातील वाचन

अशी पुस्तके वाचताना अनेक ठिकाणी एक ठरावीक उपक्रम घेतला जातो. 'तुम्हाला अचानक घर सोडावे लागले, तर पिशवीत काय घ्याल?' असा प्रश्न मुलांना विचारला जातो. मुले उत्साहाने याद्या करतात. आवडते खेळणे, आजीचा फोटो, पाण्याची बाटली अशा त्या याद्या असतात. हेतू सहानुभूतीचा असतो, परंतु परिणाम सहलीच्या तयारीसारखा होतो. त्याहून गंभीर बाब अशी, की जगणे पिशवीतील वस्तूंच्या निवडीवर अवलंबून होते असा समज त्यातून दृढ होतो.

या प्रश्नाच्या जागी, किंवा किमान त्याच्यापाठोपाठ, दुसरा प्रश्न यावयास हवा. तो असा : 'तुम्हाला कोण जाऊ देईल, आणि कोण आत घेईल?' हा प्रश्न विचारताच पुस्तकाची पाने निराळ्या रीतीने उलटली जातात. प्रवासातील प्रत्येक थांब्यावर कोणी काय तपासले, कोणी जागा दिली, कशासाठी पैसे लागले, कोणता दिवस उलटून गेला असता तर मार्ग बंद झाला असता, याची नोंद मुले स्वतः करू शकतात. इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना त्यासाठी संहाराचे तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. नकाशा, दिनदर्शिका आणि शिक्क्यांचा कागद एवढी साधने पुरेशी आहेत. भय न दाखवता गांभीर्य शिकवण्याचा हा एक मार्ग होय.

महाराष्ट्रातील शिक्षकाला तर यासाठी युरोपपर्यंतच थांबण्याचे कारण नाही. १९४० - ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही इराणमार्गे भारतात पोहोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. त्यांच्या शाळा तेथे भरत, आणि जे परत जाऊ शकले नाहीत त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. या घटनेत मराठी मुलाचे स्थान हिरोकीसारखे आहे. निर्वासित दूर देशीचा आहे, आणि दार आपल्या गावाचे आहे. रे यांची कथा ज्या वर्गात वाचली जाईल, त्याच वर्गात वळिवड्याची कथा सांगितली गेली, तर 'कोण आत घेईल?' या प्रश्नाला एक जवळचे उत्तर मिळेल.

समारोप

बोर्डन आणि ड्रमंड यांचे पुस्तक गुणवान आहे. त्यातील संशोधन कसोशीचे आहे, निवेदन संयत आहे आणि कागदपत्रांना पानावर स्थान देण्याची दृष्टी मोलाची आहे. मर्यादा आहे ती मुख्यतः सुखान्त कथेच्या प्रकृतीची. जो सुटला तोच कथा सांगायला उरतो, म्हणून सुटकेच्या कथा ऐकत गेलेल्या मुलाला सुटका हा नियम वाटू लागतो. प्रत्यक्षात तो अपवाद होता. ही मर्यादा लेखकाला पूर्णतः ओलांडता येत नाही. वाचून दाखवणाऱ्याला ती ओलांडता येते, आणि त्यासाठी पुस्तकाबाहेरचे फार काही लागत नाही. सायकलीच्या चित्रावर मुले रेंगाळतात तसे शिक्षकाने पारपत्राच्या चित्रावर थोडे अधिक थांबावे, एवढेच पुरेसे आहे. सायकल पाहून मुलाला कौतुक वाटेल. पारपत्र पाहून तो विचारील, 'ज्यांच्याकडे हे नव्हते त्यांचे काय झाले?' हा प्रश्न मुलाने आपण होऊन विचारला, तर त्या वाचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.